दारात बसलेला न्यायाधीश

सेम्बावांग,
६ जानेवारी २००८, रविवार

संजीवनी,

फ्लॅटच्या कागदांवर तुझी सही लागते, त्यासाठी लिहायला बसलो होतो. ते राहू दे. कागद नंतर पाठवीन.

आज सकाळी आठच्या सुमाराला बेल वाजली. एकदाच. मी लाकडी दार उघडलं, पण जाळीचं उघडलं नाही. बाहेर एक उंच, म्हातारा माणूस उभा होता. पांढरी, कातरलेली दाढी, राखी रंगाचं जाकीट, आणि इथल्या उकाड्यात डोक्यावर लोकरीची गोल टोपी. स्वच्छ हिंदीत म्हणाला, "मी मीरजमान खटक. अरसलाचा बाप. पेशावरहून आलोय. मला घाई नाही."

मी लाकडी दार लावून घेतलं.

वाटलं, जाईल. चहा केला, पेपर वाचला, तासाभराने खिडकीच्या काचपट्टीतून पाहिलं तर हा गृहस्थ कॉरिडॉरमध्ये, आपल्या चपलांच्या मांडणीशेजारी, भिंतीला पाठ टेकून खाली बसलेला. डोळे मिटलेले. शेजारच्या रोकियाबाईंनी त्याला स्टूल आणून दिलं, ते त्यानं छातीवर हात ठेवून नाकारलं. मग त्यांनी पाणी दिलं, तेही नाही. रोकियाबाई माझ्या खिडकीकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. त्यांना वाटतं मला मलय कळत नाही.

बारा वाजता तो उठला, जाळीला किंचित हात लावला आणि लिफ्टकडे गेला.

तुला हे मैत्रेयीकडून कळेलच. रविवारी तुम्हा मायलेकींचं फोनवर बोलणं होतं, हे मला ठाऊक आहे. म्हटलं, तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. मी दार उघडलं नाही. तू इथे असतीस तर उघडलं असतंस. तू नाहीस. साडेतीन वर्षं नाहीस.

दुपारी झोप लागली तेव्हा मला सारखं वाटत होतं की बाहेर कुणीतरी श्वास घेतंय. उठून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा होता, फक्त ऊन होतं.

निशिकांत


सेम्बावांग,
२७ जानेवारी २००८

संजीवनी,

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. आज चौथा रविवार. आज मी जाळी उघडली.

दया आली म्हणून नाही. पाऊस कॉरिडॉरमध्ये आडवा येत होता आणि तो माणूस भिजत बसला होता. सत्तावीस वर्षं जहाजांवर काढलेल्या माणसाला भिजणारा माणूस बघवत नाही, एवढंच.

आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. डोक्यावरची टोपी काढून माझ्या पायांजवळ जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "माझ्या मुलानं तुमच्या संमतीशिवाय तुमच्या मुलीशी लग्न केलं. त्याला सहा वर्षं झाली. आमच्याकडे अशा वेळी मुलाच्या बापानं चालत दुसऱ्याच्या दारात जायचं असतं. मी कामाचं निमित्त सांगत राहिलो. आता मला काम नाही. माफी मागायला आलोय."

 भांडायला आलेल्या माणसाशी कसं वागायचं ते माहीत असतं. मी त्याला टॉवेल दिला, पाणी दिलं. आज तो पाणी प्यायला. मग मी सांगून टाकलं, माफी वगैरे मला जमणार नाही. तो म्हणाला, "ठीक आहे. पाण्याबद्दल आभार." टोपी उचलली, आणि इथून समुद्र किती लांब आहे असं विचारलं.

पाऊस थांबला तसे आम्ही ८८२ नंबरच्या बसने सेम्बावांग पार्कला गेलो. जेट्टीवर मासे धरणारे बसले होते. पलीकडे जोहोरच्या कारखान्यांची धुराडी धुक्यात तरंगत होती, पायाच नसल्यासारखी. त्यानं समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला होता. खूप वेळ बघत राहिला.

काम का नाही, ते त्यानं तिथे सांगितलं. तो पेशावरच्या हायकोर्टात न्यायाधीश होता. नोव्हेंबरात त्यांच्याकडे आणीबाणी आली, राज्यघटना बाजूला ठेवली आणि न्यायाधीशांना नव्यानं शपथ घ्यायला बोलावलं. हा गेला नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून दारावर पोलीस. पाच आठवडे घरात कोंडून ठेवलं. छातीत दुखायला लागलं तेव्हा मुलाकडे उपचाराला जाऊ दिलं. सेरंगूनला मैत्रेयीच्या घरी राहतो.

"दारावरचे पोलीस माझ्याच जिल्ह्यातले होते," तो म्हणाला, "रोज सकाळी मला सलाम करायचे आणि मग कुलूप लावायचे."

तू म्हणशील, माणूस एवढा सभ्य आहे, तर लग्नाआधी त्यांच्या घरून कुणी एका शब्दानं का विचारलं नाही? तेच तर मी तेव्हापासून म्हणतोय.

निशिकांत


सेम्बावांग,
१६ मार्च २००८

संजीवनी,

तुझं उत्तर नाही. चालेल. मी लिहीत राहतो.

आता तो रविवारी येतो आणि आम्ही बसने जेट्टीवर जातो. आमची मैत्री झाली असं समजू नकोस. दोन म्हाताऱ्यांना समुद्राकडे बघायचं असतं आणि बस एकच आहे.

मी त्याला उरणची मिठागरं सांगितली. लहानपणी पहाटे आम्ही बांधावरून जायचो तेव्हा खाचरांत आभाळ उतरलेलं असायचं, आणि पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. त्याला फार नवल वाटलं. त्याच्या गावाकडे मीठ डोंगरात मिळतं. कोहाटच्या खाली करक म्हणून मुलूख आहे. लालसर डोंगर, त्यांच्या पोटात मीठ, आणि प्यायला पाणी नाही. बायका तीन-तीन मैलांवरून पाणी आणतात. गाढवं भिंती चाटतात, म्हणाला, कारण भिंतींतही मीठ असतं.

त्या पाण्यावरूनच सगळं झालं. हा बारा वर्षांचा होता. विहिरीवरच्या पाळीवरून याच्या चुलत्यानं दुसऱ्या घराण्यातला एक तरुण मारला आणि डोंगरापलीकडे पळून गेला. त्या घराण्यानं बदल्यात जीव मागितला. या घरात मुलगा एकच, हाच. पंचांची बैठक बसली, त्याला ते जिरगा म्हणतात. तीन दिवस बसली. ठरलं ते असं: मुलाचा जीव नको असेल तर मुलगी द्या. खुनाच्या भरपाईत मुलगी द्यायची, तिकडे अशी रीत आहे. तिला नाव आहे, स्वारा. तिचं लग्न तिकडच्या कुणाशीही लागतं आणि ती जन्मभर शत्रूच्या घरात वैऱ्याची मुलगी म्हणून राहते.

याची बहीण गुलालई नऊ वर्षांची होती.

"तिला वाटलं जत्रेला जायचंय," तो म्हणाला. "तिच्या चपला तुटल्या होत्या, म्हणून माझ्या घालून गेली. मोठ्या होत होत्या. मी छतावरून बघत होतो. ती दर चार पावलांना थांबून चप्पल नीट करत होती."

 मासे धरणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्यानं आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी दिली, का कोण जाणे. ती आम्ही आळीपाळीनं प्यायलो.

त्या दिवसानंतर बापानं त्याला शिकायला कोहाटला पाठवलं. गावात ठेवणं बापालाच सोसेना. वर्गात सगळे पोलीस नाहीतर मास्तर व्हायचं म्हणत. यानं वकील व्हायचं ठरवलं, कारण बैठकीत सगळे बोलले होते, फक्त बहिणीच्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं.

रात्री मला मिठागरांचं स्वप्न पडलं. खाचरांत लाल डोंगर उलटे दिसत होते. बांधावरून एक मुलगी चालली होती. मैत्रेयी की दुसरी कुणी, ते कळलं नाही. चालताना थांबत होती.

निशिकांत


सेम्बावांग,
१८ मे २००८

संजीवनी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी आहेत, पण त्यांतली एक खटकसाहेबांबद्दल आहे: पुढे काय झालं ते लिहा. लिहितो.

वकिलीची पहिली दहा वर्षं कोहाट आणि बन्नूच्या कोर्टांत गेली. झाडाखाली टेबल मांडून बसायचे. पहिला खटला एका खेचरवाल्याचा, खेचर चोरल्याचा आरोप. साक्षीदार सगळे विरुद्ध. खटकसाहेबांनी न्यायाधीशांना विनंती केली, खेचर आवारात आणून मोकळं सोडा. खेचर सरळ येऊन आरोपीच्या खांद्यावर मान टाकून उभं राहिलं. न्यायाधीशांनी हसू दाबत निकाल दिला. ही गोष्ट ते इतकी रंगवून सांगतात की मला ते खेचर जेट्टीवर येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं.

पुढे पेशावर. गावाकडच्या बायका मागच्या दारानं त्यांच्या घरी यायच्या, त्यांच्या बायकोला आपली हकिकत सांगायच्या आणि ती यांना सांगायची. त्या खटल्यांत कुणी हात घालत नसे. यांनी घातला. काही जिंकले, बरेच हरले. पन्नाशीत न्यायाधीश झाले. बायको त्यानंतर वर्षभरात गेली. या सगळ्या काळात ते बहिणीच्या घरी एकदाही गेले नव्हते. तिकडून बोलावणं येणं शक्य नव्हतं, आणि न बोलावता जायचं धैर्य नव्हतं.

दोन हजार तीन साली त्यांच्यासमोर एक अर्ज आला. दहा वर्षांची मुलगी स्वारामध्ये दिली होती, तिच्या आईनं चोरून वकील गाठला होता. मुलगी ज्या घरात नेली त्या घराण्याचं नाव कारकुनानं वाचलं, आणि ते गुलालईचं सासर निघालं.

"मी न्यायाधीश म्हणून जे करायचं ते केलं," ते म्हणाले. "हे प्रकरण मी ऐकू शकत नाही असं लिहिलं आणि ते दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेलं. त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. तीन आठवड्यांत त्या पोरीचा निकाह लागला असता."

शनिवारी त्यांनी स्वतः गाडी काढली. ड्रायव्हर नाही, पोलीस नाही. चव्वेचाळीस वर्षांनी गावाच्या त्या टोकाला गेले. दारासमोर टोपी काढून धुळीत बसले. त्यांच्याकडे याला नाव आहे, पण अर्थ एवढाच की शत्रूच्या दारात आपण होऊन जायचं आणि मागायचं. हायकोर्टाचा न्यायाधीश मातीत बसलाय म्हटल्यावर गाव गोळा झालं. घरातले पुरुष आत-बाहेर करत राहिले. कुणी खुर्ची आणली, कुणी शिव्या दिल्या. हे धुळीतच बसून.

दिवस कलताना एक म्हातारी बाहेर आली. पुढचे दात नव्हते. यांनी ओळखलं नाही. तिच्या हाताला ती मुलगी होती. मुलीचा हात तिनं यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मला न्यायला यायचं होतंस. आता हिला ने."

एवढंच बोलली आणि आत गेली.

मुलीला त्यांनी तिच्या आईकडे पोचवलं. सोमवारी मुख्य न्यायाधीशांना स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की माझ्या कोर्टात आलेल्या प्रकरणातल्या पक्षाच्या घरी मी गेलो. ते नियमाविरुद्ध होतं. ठपका आला. त्यांच्या मागचे दोघे त्यांच्या पुढे गेले. गुलालई दोन हजार सहामध्ये वारली. कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

आम्ही परत येताना बसमध्ये शेजारी बसलो होतो. त्यांना डुलकी लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हललो नाही. तीन स्टॉप पुढे गेलो.

मला तुला आणखी एक सांगायचं आहे. आज नको.

निशिकांत


सेम्बावांग,
१४ सप्टेंबर २००८

संजीवनी,

मध्ये लिहिलं नाही, कारण बरंच झालं.

ऑगस्टअखेर पेशावरहून त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. सरकार बदललंय, नव्यानं शपथ घ्या, खुर्ची परत मिळेल, जुनी ज्येष्ठताही धरतील. बरेच जण परत गेले होते. हे फेब्रुवारीत बासष्टचे होणार, म्हणजे निवृत्ती. हातात सहा महिने. त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय केलं असतं?

मी म्हटलं, सही करून मोकळा झालो असतो. सहा महिन्यांत किती मुलींचे अर्ज ऐकता येतील? मुलीसाठी तुम्ही नियम मोडलात, मग इथे एका शपथेसाठी एवढं का अडून बसता? मी जरा जोरातच बोललो. शेजारच्या टेबलावरच्या बायका बघायला लागल्या.

त्यांनी चहाचा कप बाजूला केला. "तेव्हा मी नियम मोडला आणि त्याची किंमत मी भरली. आता म्हणतात, मोड, आणि वर बक्षीस घे. शिवाय नवी शपथ घेतली म्हणजे जुनी संपली होती असं मी मान्य केलं. ती संपली नव्हती, निशिकांतभाई. मी घरात कोंडलेला होतो तेव्हाही न्यायाधीशच होतो."

ते गेले नाहीत. त्याच आठवड्यात छातीत दुखायला लागलं.

हॉस्पिटलात त्यांना मी नेलं. रविवार नव्हता, पण अरसला कामासाठी जकार्ताला होता आणि त्यांनी मैत्रेयीला न सांगता मला फोन केला. दोन ठिकाणी हृदयाची नळी रुंद करायची होती. हॉस्पिटलवाल्यांनी घरी फोन केला, त्यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या निळ्या खुर्च्यांवर बसलो. तिथला थंड वारा, दूरवर कुठेतरी बारीक बीप-बीप. मला जहाजाच्या इंजिनरूमबाहेर बसल्यासारखं वाटत होतं, डोळे मिटत होते. उघडले तेव्हा समोर मैत्रेयी उभी होती.

तिचे केस आता आखूड आहेत. तू सांगितलं नव्हतंस.

"तुम्ही इथे कशाला?" तिनं विचारलं.

"त्यांच्यासाठी."

तिनं थोडा विचार केला. "मग बसा," म्हणाली.

ती तीन खुर्च्या सोडून बसली. दोन तास आम्ही समोरच्या दाराकडे बघत होतो. मला वाटत होतं, मी काहीतरी बोलतोय आणि ती उत्तर देतेय, आणि मग लक्षात यायचं की कुणीच बोललेलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक आहे म्हणाले तेव्हा आम्ही दोघंही एकदम उठलो. ती रडली. मी तिच्या खांद्याला हात लावायला गेलो, तेव्हा ती मागे सरली नाही, पण जवळही आली नाही.

त्यानंतर मी सेरंगूनला जातो, त्यांना बघायला. नातीला पहिल्यांदा पाहिलं. स्पोजमई. पश्तोत चंद्र. तिनं मला विचारलं, "You also judge, is it?" मी म्हटलं, नाही, मी इंजिनं दुरुस्त करायचो. "Then can repair my tricycle lah," म्हणाली. केली.

मैत्रेयी माझ्याशी मोजकंच बोलते. बाबा म्हणत नाही. जेवायला वाढते.

निशिकांत


सेम्बावांग,
२२ मार्च २००९

संजीवनी,

तू टीव्हीवर पाहिलं असशील. सोमवारी त्यांच्याकडे जाहीर झालं: काढलेले सगळे न्यायाधीश पूर्वीच्या जागी. नव्या शपथेशिवाय. काळे कोट घातलेले वकील रस्त्यात नाचत होते. सेरंगूनच्या घरात फोन थांबत नव्हता.

खटकसाहेब गेल्या महिन्यात बासष्टचे झाले. नियमानं निवृत्त. महिनाभरानं चुकलं.

मी गेलो तेव्हा ते बाल्कनीत बसले होते आणि स्पोजमई त्यांच्या टोपीत तिच्या बाहुलीला झोपवत होती.  मी म्हटलं, सप्टेंबरात सही केली असती तर. ते म्हणाले, "तर आज मला या लोकांचे फोन घेता आले नसते." मग बराच वेळ खालच्या झाडांकडे बघत राहिले. ते रडत होते, हे मला उशिरा कळलं. आवाज नव्हता. तीस-पस्तीस वर्षं चालून आलेला माणूस दार उघडायच्या महिनाभर आधी थकला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांना ती खुर्ची हवी होती, संजीवनी. नको होती असं त्यांनी कधीच म्हटलं नाही.

थोड्या वेळानं ते म्हणाले, पुढच्या महिन्यात परत जातो. गावी राहीन. बाहेरची बैठकीची खोली उघडी ठेवीन. कुणाला अर्ज लिहून हवा असेल तर लिहून देईन. जी मुलगी त्यांनी परत आणली होती, ती आता सोळा वर्षांची आहे आणि शाळेत जाते. तिची आई म्हणे घर झाडून ठेवणार आहे.

आणि मग त्यांनी विचारलं, अजून माफ नाही ना केलंत? थट्टेत नाही, खरंच विचारलं. त्यांच्या हिशेबी ते काम राहिलं होतं.

तिथे मी खाली बसलो. त्यांच्यासमोर, जमिनीवर. मैत्रेयी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी जे बोललो ते तुला लिहिणं त्यांच्यासमोर बोलण्यापेक्षा अवघड आहे.

लग्नाआधी त्यांच्या घरून कुणी विचारलं नाही, असं मी तुला सांगितलं होतं. मैत्रेयीलाही तेच सांगितलं. गेल्या वर्षी तुला पत्रातही तेच लिहिलं. ते खोटं आहे. नोव्हेंबर दोन हजार एकमध्ये त्यांचं पत्र आलं होतं. इंग्रजीत, हातानं लिहिलेलं, तीन पानं. ते तुझ्या-माझ्या दोघांच्या नावानं होतं. मी ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं ते पत्र वाचलं, खिशात घातलं आणि घरी येऊन म्हणालो, "त्या लोकांना आपल्याला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही." तू त्यावर विश्वास ठेवलास. त्यामुळेच पहिली अडीच वर्षं तू माझ्या बाजूनं राहिलीस आणि पोरीच्या लग्नाला गेली नाहीस.

खटकसाहेबांना याचा पहिल्या दिवसापासून अंदाज होता. उत्तर आलं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्यावरून त्यांनी ओळखलं असणार. सव्वा वर्ष दर रविवारी माझ्याबरोबर बसले, पण त्या पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, "मी कागद पाठवला. मी स्वतः यायला हवं होतं. चूक आधी माझीच होती."

मैत्रेयी आत निघून गेली. दिवसभर बाहेर आली नाही.

मला जे सांगायचं होतं ते हे.

निशिकांत


सेम्बावांग,
७ जून २००९

संजीवनी,

तुझं पत्र दोन महिन्यांनी आलं. ते येणारच नाही असं मी धरून चाललो होतो.

आधी इकडचं. खटकसाहेबांना एप्रिलमध्ये चांगी एअरपोर्टवर पोचवलं. आम्ही सगळे गेलो होतो. ते मला म्हणाले, करकला या, डोंगरातलं मीठ दाखवतो. मी येतो म्हटलं. व्हिसा मिळणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. मिठी मारताना त्यांचं हृदय माझ्या बरगड्यांवर लागत होतं, जुन्या डिझेल इंजिनासारखं, जरा अडखळत, पण चालू. काल फोन आला होता. बैठकीत रोज पाच-सहा जण येतात. बायका अजूनही मागच्याच दारानं येतात, म्हणून त्यांनी आपली खुर्ची मागच्या दाराशी नेलीय.

मैत्रेयीनं दोन महिने मला घरात घेतलं नाही. मी रविवारी जायचो, बेल वाजवायचो, खालच्या बाकावर बसायचो आणि परत यायचो. गेल्या महिन्यात नवी लाइन सुरू झाली. आता बिशानला गाडी बदलली की सेरंगून दोन स्टेशनांवर आहे. त्या रविवारी तिनं वरून हाक मारली, "बाबा, वर या. ऊन लागेल." मी वर गेलो. त्या पत्राबद्दल ती अजून बोललेली नाही. बोलेल. तेव्हा मी ऐकून घेईन.

तू सप्टेंबरात तिच्या बाळंतपणाला येणार आहेस आणि सेरंगूनलाच राहणार आहेस, असं तू लिहिलंयस. बरोबर आहे. सेम्बावांगला ये असं मी म्हणणार नाही.

तू एकच प्रश्न विचारलास: ते पत्र मला दाखवलं का नाहीत?

मुसलमान, पाकिस्तानी, लोक काय म्हणतील, ही सगळी कारणं मी तेव्हा दिली, आणि ती माझ्या मनात होतीही. पण पत्र लपवायला ती लागत नव्हती. तेवढ्यासाठी मी ते तुझ्यासमोर फाडू शकलो असतो. तू भांडली असतीस, मी भांडलो असतो.

त्यात त्यांनी मुलाची स्तुती केली नव्हती. त्यात लिहिलं होतं की माझ्या बहिणीला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तुम्ही तुमच्या मुलीला विचारा, आणि ती जे सांगेल त्याच्यापुढे आपण दोघे बाप मान तुकवू. मी ते जुरोंगच्या यार्डमध्ये, एका उघड्या इंजिनाशेजारी उभा राहून वाचलं. वाचता वाचताच मला तुझा आवाज ऐकू आला. तू चष्मा काढला असतास आणि म्हणाली असतीस, "या माणसाला बोलावून घ्या." मला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी मागे वळून पाहिलं.

ते पत्र चांगलं होतं, संजीवनी. म्हणून दाखवलं नाही.

सोबत जोडलं आहे. घड्यांवर विरलंय, जपून उघड.

निशिकांत